पाच वर्षांनी परत आयरेसिंग: गाडी एक, ट्रॅक पाच आणि लाल वहीतला हिशेब

माळ्यावरनं गेमचं स्टिअरिंग व्हील खाली काढलं तेव्हा ते एका चादरीत गुंडाळलेलं होतं, एक किनार उसवली म्हणून विक्रीला न गेलेली चादर, आणि पाच वर्षांत तिच्यावर एवढी धूळ बसलेली की बायकोनं आधी चादर धुवायला टाकली आणि मगच विचारलं, "अहो, परत ते घूं घूं सुरू होणार का?" होणार म्हटलं. तिनं फक्त "रात्री अकरानंतर दार लावून घ्या" एवढंच सांगितलं, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरून चाललो.

तर हा रिव्ह्यू आयरेसिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ऑनलाइन गाड्या पळवायच्या रेसिंग गेमचा आहे, पण त्यातल्या ग्राफिक्स, आवाज वगैरेचा फारसा नाही, ते युट्यूबवर ढीगभर आहे. मला लिहायचंय ते पैशाबद्दल. परत आल्यावर नक्की काय विकत घ्यायचं आणि काय नाही, ह्यात माझे तीन आठवडे गेले आणि मराठीत ह्यावर कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीला, त्यामुळं सवयच लागलीय, दहा रुपयाची वस्तू घ्यायची तरी आधी डोक्यात दोन बाजू पडतात, जमा आणि नावे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयरेसिंग २००८ मध्ये सुरू झालं, अमेरिकन कंपनी. त्यामागचा माणूस डेव्ह केमर, ज्यानं आधी पॅपिरस कंपनी काढली होती आणि तिथनंच १९९८ ला ग्रां प्री लेजंड्स हा रेसिंग गेम आला होता, म्हणजे हे लोक ह्या धंद्यात लई जुने आहेत. ट्रॅक लेझर स्कॅन करून बनवतात, रस्त्यावरचा खड्डा, उंचवटा, कर्बची (वळणाच्या कडेच्या पट्टीची) उंची सगळं मोजून. आणि हा गेम एकदा विकत घेऊन संपत नाही, मेंबरशिप लागते. महिन्याला १३ डॉलर किंवा वर्षाला ११०. वर परत गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत, गाडी साधारण ११.९५ डॉलर आणि ट्रॅक १४.९५. म्हणजे एक ट्रॅक आपल्या पैशात हजाराच्या चांगला वर.

आणि खरी मेख पुढंच आहे, की मेंबरशिप संपली की विकत घेतलेलं पण चालवता येत नाही. खात्यावर राहतं, जात नाही कुठं, पण मेंबरशिप परत भरेपर्यंत कुलूप. भाड्याच्या घरात स्वतःच्या पैशानं फरशी बसवून घेतल्यासारखं आहे हे. अण्णांना (वडिलांना) मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शेंगाचटणीचा डबा पुढं सरकवला आणि म्हणाले, "म्हणजे गाडी पण तुझी नाही, रस्ता पण तुझा नाही, आणि टोल मात्र तू भरायलास." ह्याला माझ्याकडं आजपण उत्तर नाही.

मी पहिल्यांदा घेतलं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. तेव्हा मार्चमध्ये अमेरिकेत नॅसकार ह्या तिकडच्या मोठ्या कार रेसिंग मालिकेच्या खऱ्या रेस बंद पडल्या आणि खरे ड्रायव्हर घरात बसून आयरेसिंगवर पळाले, ते टीव्हीवर दाखवलं, होमस्टेड मायामीची पहिलीच रेस डेनी हॅमलिननं मारली, ते बघून आपण पण करू असं झालं. कारखाना बंद, माग बंद, हातात काम नाही. त्या सात-आठ महिन्यांत मी जे काय घेतलं ते सगळं हौसेनं घेतलं, विचार शून्य. स्किप बार्बर घेतली कारण कुणीतरी म्हटलं की ह्या गाडीवर शिकतात. पोर्शे ९११ कप घेतली कारण पोर्शे. ट्रॅक चार, स्पा, मोंझा, वॉटकिन्स ग्लेन आणि ब्रँड्स हॅच. मग कारखाना सुरू झाला, मुलगी झाली, व्हील माळ्यावर.

आता लॉगिन केलं तर खातं जसंच्या तसं होतं, सहाच्या सहा वस्तू जागेवर, एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. पण दुकान तेच आणि आतली मांडणी सगळी बदललेली. पूर्वी ब्राउझरमध्ये साइट उघडून तिथनं रेसला जायला लागायचं, आता सगळं एका ॲपमध्ये आहे. रोडचं एकच लायसन्स (कुठल्या दर्जाच्या रेसमध्ये उतरता येतं ते ठरवणारं) होतं, ते २०२४ पासून स्पोर्ट्स कार आणि फॉर्म्युला (उघड्या चाकांच्या गाड्या) असं दोन भागात फोडलंय. पाऊस आलाय, तो पण २०२४ मध्ये, आणि पावसाबद्दल पुढं लिहितो कारण ती गोष्ट खरंच भारी केलीय. आणि माझी पोर्शे रिटायर झाली होती! म्हणजे ती ९९१ मॉडेलची, आता कपच्या ऑफिशियल सिरीजमध्ये ९९२ पळते. माझी गाडी खात्यावर आहे, चालू होते, एकटा फिरवत बसा, पण जिथं माणसं आहेत तिथं तिला प्रवेश नाही. हा पहिला धडा तिथंच मिळाला, की इथं गाडी जुनी होते, ट्रॅक सहसा होत नाही. २०२० चा माझा स्पा आजपण रोज कुठल्या ना कुठल्या सिरीजमध्ये चालू आहे, आणि त्याच दिवशी घेतलेली पोर्शे शोकेसमध्ये.

म्हणून मी ठरवलं की पहिला महिना एक रुपयाचं पण कंटेंट (गाड्या-ट्रॅक) घ्यायचं नाही. १३ डॉलरची एक महिन्याची मेंबरशिप, बस. मेंबरशिपबरोबर फुकटात बरंच येतं, माझदा एमएक्स-५ येते, टोयोटा जीआर८६ येते, फॉर्म्युला व्ही येते, ट्रॅकमध्ये लाइम रॉक, लगुना सेका, ओकायामा, समिट पॉइंट, त्सुकुबा असे बरेच. लोक ह्याला नवशिक्यांचा माल म्हणून नाक मुरडतात. मी म्हणतो महिनाभर माझदा नीट पळवून दाखवा, मग बोला. ताकद कमी, टायर बारीक, त्यामुळं एक चूक केली की पुढच्या सरळ रस्त्यावर तीन जण पुढं. लपायला जागाच नाही.

पहिली रेस लाइम रॉकला. छोटा ट्रॅक, अडीच किलोमीटरच्या आतला, मिनिटाभरात लॅप. टेबलाला व्हील क्लॅम्प केलं होतं पण पेडल फरशीवर घसरत होती, ब्रेक मारला की पेडलचा डबा भिंतीकडं पळायचा, मग मी टॉवेलची एक लांब पट्टी पेडलच्या पट्टीतनं ओवून खुर्चीच्या पायाला बांधली. (हा जुगाड अजून तसाच आहे. स्टँड घ्यायचा विचार होता, पण आता ह्या पट्टीला सवय झालीय.) ब्रेकच्या पेडलमध्ये पाच वर्षांची धूळ, त्यामुळं पाय ठेवलाच नाही तरी गेममध्ये ब्रेकची लाल पट्टी मधेच थरथरायची. उघडलं, ब्रशनं साफ केलं, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, तेव्हा थांबलं. तर रेस. अठरावा सुरू केला, मागनं. कुणाच्या नादी लागायचं नाही असं ठरवलेलं. पुढचे आपापसात धडकत गेले आणि शेवटच्या दोन लॅपला मी सहावा होतो, पुढचा माणूस हातभर अंतरावर, डाउनहिलच्या शेवटच्या वळणाला तो जरा बाहेर गेला, मी आत नाक घातलं आणि लाईट गेली.

पूर्ण अंधार. कूलर बंद, मॉनिटर बंद, खालच्या गल्लीतनं एकदम "गेली गेली" असा पोरांचा आवाज. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे असं मला वाटत होतं, तो नव्हता, फक्त पंखा आणि ट्यूब होती. एप्रिल महिना, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, घामानं हात व्हीलला चिकटलेले आणि मी अंधारात उजवीकडं व्हील धरून बसलेलो. म्हणून परत येणाऱ्यांना कंटेंटच्या आधीचा पहिला खर्च सांगतो, यूपीएस घ्या. राउटरला पण जोडा. मी घेतला, आणि ते पैसे एका ट्रॅकपेक्षा किती तरी जास्त उपयोगी पडले.

आता मुद्द्यावर येतो. महिना संपत आला, माझदा अंगवळणी पडली, लायसन्स डी होतं ते डीच राहिलं पण सेफ्टी रेटिंग चांगलं वर गेलं. इथं सेफ्टी रेटिंगचं गणित थोडं समजून घ्या कारण खरेदीशी त्याचा संबंध आहे. ट्रॅकबाहेर गेलात तर १ पॉइंट, गाडी फिरली तर २, दुसऱ्याला जोरात ठोकलं तर ४, चूक कुणाची ते बघत नाही. आणि हे पॉइंट किती वळणांमागं पडले त्यावर रेटिंग ठरतं. म्हणजे जास्त वळणांचा ट्रॅक नीट पूर्ण केला की फायदा जास्त. तीन-चार वळणांच्या ट्रॅकवर एक धडक झाली की महिन्याची कमाई साफ.

तर मी दुकान उघडलं आणि पुतण्याला शेजारी बसवलं, तो अकरावीत आहे. अर्ध्या तासात कार्टमध्ये सतरा वस्तू! फेरारी पाहिजे, मॅक्लारेन पाहिजे, एफ-४ पाहिजे, सुझुका पाहिजे, आख्खं नुरबुर्गरिंग पाहिजे. खालचा आकडा बघून मी लॅपटॉप मिटला आणि कपाटातनं लाल वही काढली. ह्या वहीत मी घरचा हिशेब लिहितो, दूध, पेपर, कामवाली, टँकर. त्याच्या मागच्या बाजूनं नवीन पान सुरू केलं.

पद्धत अशी. आयरेसिंगचा सीझन बारा आठवड्यांचा असतो, वर्षात चार. प्रत्येक सिरीजचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं, कुठल्या आठवड्याला कुठला ट्रॅक. मी मला आवडतील अशा चार सिरीज घेतल्या, उभ्या रकान्यात आठवडे, आडव्या ओळीत सिरीज, आणि प्रत्येक खणात ट्रॅकचं नाव. मग जे माझ्याकडं आधीच आहेत किंवा फुकटातले आहेत त्यावर टिक. उरलेल्यांत कुठलं नाव किती वेळा येतंय ते मोजायचं. एवढंच. पण हे केल्यावर डोळे उघडले, कारण पुतण्यानं कार्टमध्ये टाकलेल्या ट्रॅकपैकी तीन ट्रॅक चारही सिरीजमध्ये मिळून एकेकदाच येत होते, आणि ज्याचं त्यानं नावपण घेतलं नव्हतं तो तीन ठिकाणी.

दुसरं म्हणजे बाराही आठवडे पळायची गरजच नाही. चॅम्पियनशिपचे पॉइंट सगळ्यात चांगल्या आठ आठवड्यांचेच धरतात. आणि एका सिरीजमध्ये आठ आठवडे भाग घेतला तर सीझन संपल्यावर थोडे क्रेडिट खात्यावर जमा होतात, एका सीझनला जास्तीत जास्त १० डॉलरपर्यंत, ते पुढच्या कंटेंटला वापरता येतात. म्हणजे आपल्याला बारा नाही, आठ ट्रॅक पाहिजेत. चार माझ्याकडं होते, त्यातले तीन वेळापत्रकात बसले. पाच घेतले की आठ. गणित सुटलं.

आता गाडी. इथं लोक सल्ले देतात ते ऐकून डोकं फिरतं. जो तो स्वतःकडं जी आहे तीच बेस्ट म्हणतो, दूधवाला आपल्या दुधाला पाणीदार म्हणणार आहे का. मी चार पर्याय बघितले. ९९२ पोर्शे कप, एबीएस नाही, मागं इंजिन, ब्रेक सोडताना जरा घाई केली की गाडी स्वतःभोवती गिरकी घेते, आणि एकदा पोर्शेवर पैसे घालवलेत, परत नको. एफ-४, मजा आहे, पण उघडी चाकं म्हटल्यावर नुसतं घासलं तरी पुढचा विंग तुटतो आणि डी लायसन्सच्या गर्दीत घासणं होतंच. जीटी४ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरनं बनवलेल्या रेसिंग गाड्यांचा एक वर्ग), हे मला खरं आवडलं होतं, वेग बेताचा, गाडी जड, रेसिंग चांगली होते. आणि जीटी३, त्याच्या वरचा वर्ग.

शेवटी जीटी३ घेतली. बीएमडब्ल्यू एम४. कारण भावना नाही, वही. जीटी३ गाडी सगळ्यात जास्त सिरीजमध्ये चालते, छोट्या स्प्रिंटमध्ये पण, मल्टिक्लासमध्ये (वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या एकाच रेसमध्ये) पण, लांब पल्ल्याच्या टीम रेसमध्ये पण. एकदा ११.९५ घातले की दहा दारं उघडतात. आणि आपल्या वेळेला माणसं असतात. हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही. आपली रात्र अकरा ते दोन म्हणजे युरोपची संध्याकाळ, आणि आपली सकाळ सहा-सात म्हणजे अमेरिकेची संध्याकाळ, ह्या दोन वेळेला गर्दी असते. दुपारी तीनला रविवारी बसलात तर जीटी३ आणि माझदा सोडून बऱ्याच सिरीजमध्ये चिटपाखरू नसतं, रजिस्टर करून बसा, रेस ऑफिशियल व्हायलाच माणसं पुरत नाहीत. स्किप बार्बरवर मला हाच अनुभव आला. गाडी कितीही गोड असली तरी एकट्यानं पत्ते खेळता येत नाहीत.

एम४च का, तर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल सगळ्याच जीटी३ला आहेत, पण ही गाडी कर्बवर चढली तरी बिथरत नाही असं माझं मत झालं, इंजिन पुढं, नाक लांब, मागचा भाग कधी सुटणार हे आधी कळतं. माझ्यासारखा जो रोज नाही पळत, आठवड्यातनं तीन रात्री पळतो, त्याला हेच पाहिजे. पुतण्या फेरारी २९६ साठी दोन दिवस रुसला होता. एक गोष्ट मात्र खटकते, घेण्याआधी एखादी गाडी पाच मिनिटं चालवून बघायची सोय मला तरी कुठं दिसली नाही. साडीच्या दुकानात पण घडी मोडून दाखवतात की.

ट्रॅकमध्ये पाच घेतले, इमोला, सुझुका, रेड बुल रिंग, नुरबुर्गरिंगचा ग्रां प्री ट्रॅक आणि बाथर्स्ट. पहिले चार वहीनं निवडले. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, रेड बुल रिंग छोटा आणि सोपा वाटतो पण ट्रॅकबाहेर जायचे १ पॉइंट तिथंच सगळ्यात जास्त पडतात, आणि इमोला रुंदीला एवढा कमी आहे की ओव्हरटेक करायचा म्हणजे समोरच्याची मेहेरबानी लागते. सुझुका इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, स्वतःच्याच रस्त्यावरनं पूल ओलांडून जातो, ५.८ किलोमीटर, आणि सुरुवातीची नागमोडी वळणं एका दमात जमली की त्या दिवशी जेवण गोड लागतं.

पाचवा, बाथर्स्ट, वहीत फक्त एकदाच येत होता. हिशेबात बसत नव्हता. तरी घेतला. ऑस्ट्रेलियात माउंट पॅनोरामा नावाच्या डोंगरावरचा हा रस्ता, ६.२ किलोमीटरचा, एरवी साधा सार्वजनिक रस्ता आहे, लोकांची घरं आहेत कडेला, ६० ची स्पीड लिमिट आहे, आणि रेसच्या दिवशी तोच बंद करून त्यावर गाड्या पळवतात. खालपासनं वरपर्यंत १७४ मीटरची चढण. वर पोचलं की दोन्हीकडं भिंती, रस्ता एवढा अरुंद की नव्या पेठेत दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी घातल्यासारखं, फक्त इथं ताशी दोनशेच्या आसपास. मग स्कायलाइन, तिथं पुढचा रस्ताच दिसत नाही, बॉनेटच्या पुढं नुसतं आभाळ, आणि मग गाडी एकदम खाली पडल्यासारखी होते, डावं उजवं डावं, पोटात गोळा. पहिल्या रात्री मी एकटाच सरावाला गेलो आणि एकोणीस लॅप सुरू केले, चार पूर्ण झाले. अकराव्या लॅपला फॉरेस्ट्स एल्बोला भिंत घासून आरसा गेला, आणि मी खरंच खुर्चीत डावीकडं अंग चोरलं. मुलगी पाणी प्यायला उठली होती, दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, कुणी मारलं?"

नॉर्डश्लाइफ, म्हणजे नुरबुर्गरिंगचाच जुना लांबलचक ट्रॅक, सोडला. हे मनाला लागलंय, पण सोडला. २०.८ किलोमीटरचा एक लॅप, म्हणजे अक्कलकोटला जायच्या साधारण निम्म्या वाटेएवढा, आणि त्यावर दर आठवड्याला गाडी बदलून चालणारी एक सिरीज आहे. तो घेतला की त्या सिरीजसाठी गाड्या घ्याव्या लागणार, आणि ग्रां प्री ट्रॅक जोडून होणारे मोठे लेआउट पाहिजेत तर दोन्ही ट्रॅक लागतात. म्हणजे एक दार उघडलं की आत चार दारं. पुढच्या दिवाळीला बघू.

एक गोष्ट मोंझाबद्दल, तो माझ्याकडं आधीपासून होता म्हणून सांगतो. पहिलाच ट्रॅक म्हणून सगळे मोंझा घेतात, ओळखीचं नाव, सरळ रस्ते. घ्या, पण पहिल्या लॅपला पहिल्या वळणाच्या आधी शंभर मीटर ब्रेक मारून मागं राहायची तयारी ठेवा. साडेपाच-पावणेसहा किलोमीटरमध्ये मोजून अकरा वळणं, त्यामुळं सेफ्टी रेटिंगला तो फार महागात जातो, आणि पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) रोज जो कचरा होतो तो गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यापाशी होणाऱ्या चेंगराचेंगरीसारखा.

पैसे. सहा वस्तू एकदम घेतल्या, कारण तीन ते पाच घेतल्या तर १० टक्के सूट आणि सहा किंवा जास्तला १५. चाळीस वस्तू झाल्या की कायमची २० टक्के, पण ती वेळ माझ्यावर येऊ नये अशी प्रार्थना. ८६ डॉलर ७० सेंटचं बिल सूट जाऊन ७३.७० झालं. पाच घेऊन थांबलो असतो तर १० टक्केच मिळाले असते, म्हणून खरं तर बाथर्स्ट त्या सहाव्या जागेवर बसला, हे मी बायकोला सांगितलं पण, "सूट मिळाली म्हणून घेतला." तिनं सेलमध्ये घेतलेल्या तीन कुर्त्यांची आठवण करून दिली, मी गप्प. कार्डवर आधी पैसे गेलेच नाहीत, बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल ऑनलाइनचं बटण बंद होतं, ते चालू केलं, गेले, परत बंद केलं. बँकेचा परकीय चलनाचा चार्ज वेगळा लागतो, तो हिशेबात धरा, सगळं मिळून साडेसहा हजाराच्या पुढं गेलं.

मेंबरशिपचं पण सांगतो, कारण इथं सगळे "वर्षाची घे, स्वस्त पडते" म्हणतात. ११० भागिले १३ करा, साडेआठ येतं. म्हणजे वर्षातले नऊ महिने तुम्ही खरंच पळणार असाल तरच वर्षाची फायद्यात. माझे मार्च एंडचे दोन महिने गेले, दिवाळीच्या आधी ऑर्डरची धावपळ तेव्हा दोन गेले, राहिले आठ. मी महिन्याचीच घेतो आणि ऑटो रिन्यूअल बंद ठेवतो. नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेला सूट लागते तेव्हा वर्षाचा विचार करता येईल.

पावसाबद्दल लिहितो म्हटलं होतं. नुरबुर्गरिंगच्या ग्रां प्री ट्रॅकवर एका रेसला मधेच आला. सुरुवातीला काचेवर चार थेंब, मग रस्ता काळा पडायला लागला आणि कोरड्यात जी रेषा पकडून आपण पळतो तीच सगळ्यात निसरडी झाली कारण तिथं रबर बसलेलं असतं, मग वळणाला बाहेरनं मोठा फेरा घेऊन जायचं. आमच्याकडं पहिल्या पावसात होटगी रोडला टू-व्हीलर ज्या पद्धतीनं घसरतात त्याची आठवण झाली, आणि खरं सांगतो, मी तिथं जे करतो तेच इथं केलं, पायानं काही करायचं नाही, हँडल हलवायचं नाही, देवाचं नाव. तीन जण घसरले, मी सातवा आलो. माझी आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली रेस.

पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) माझ्या कनेक्शनवर युरोपच्या सर्व्हरला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. चालतं. कधी कधी शेजारची गाडी हलते असं वाटतं, म्हणून मी दरवाजाला दरवाजा लावून वळण घेत नाही, थोडी जागा सोडतो. इथल्या कुणाला वायफायवर खेळायचा विचार असेल तर नको, केबल टाका.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. एकट्यानं फिरायचंय, मूड येईल तेव्हा गाडी पळवायचीय, तर ह्याच्या वाटेला जाऊ नका, एकदा पैसे टाकून कायमचं तुमचं होणारं घ्या. २०१४ चा असेटो कोर्सा हा गेम आजपण मस्त आहे, मोड (लोकांनी बनवलेल्या जोडफाइल) टाकून त्यात आपलं नोएडाजवळचं बुद्ध सर्किट पळवता येतं, जिथं २०११ ते २०१३ एफवन झालं आणि तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला. आयरेसिंगच्या दुकानात बुद्ध नाही, हे दुःख आहेच. जीटी३च पाहिजे असेल तर त्याच लोकांचं असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने आहे, त्यातले डीएलसी (वेगळे विकत मिळणारे) पॅक सेलमध्ये एकदा घेतले की विषय संपला. मी आयरेसिंगलाच परत आलो ते एकाच कारणानं, रात्री साडेअकराला बटण दाबलं की समोर वीस-बावीस जिवंत माणसं असतात, त्यांना पण हरायची भीती असते, आणि निम्मे तरी नीट चालवतात. हे दुसरीकडं मला ह्या वेळेला, ह्या भरवशानं मिळालं नाही.

नवीन आठवडा मंगळवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो, आपल्या वेळेनं. ह्या मंगळवारी आमच्या बिल्डिंगला पाण्याची पण पाळी होती, चार दिवसांनी. मोटर लावायला उठलो, टाकी भरायला पाऊण तास लागतो, तोवर झोप गेलेलीच, म्हणून बसलो. वहीत बघितलं तर ह्या आठवड्याला बाथर्स्ट, तो एकदाच येणारा. रजिस्टर केलं. सातव्या लॅपला डोंगराच्या वर असताना खालनं बायकोची हाक, टाकी ओसंडून वाहायलीय म्हणून.